चलानावर एक अक्षर चुकलं की दंड माफ?

‘चलानावर नावाचं स्पेलिंग किंवा गाडीचा रंग चुकला असेल, तर ते आपोआप रद्द होतं, पैसे भरू नका,’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे खरा, पण तसं होत नाही.

आधी पाहायचं, चूक कशात आहे? गाडी, चालक आणि गुन्हा यांची ओळख नीट पटत असेल, तर किरकोळ लेखनचूक बहुतेक ठिकाणी दुरुस्त करता येते आणि दंड कायम राहतो. गाडीचा नंबर, ठिकाण, वेळ किंवा कलम चुकलं असेल, तर मात्र मुद्द्यात दम असतो. नंबरातला एक आकडा बदलला की गाडीच दुसऱ्याची होते! तरीही चलान आपसूक रद्द होत नाही. मुदतीत हरकत नोंदवावी लागते. गप्प बसलं तर दंड वाढू शकतो, आणि तेव्हा चूक दाखवायची संधीही निसटलेली असते.

पडताळायचं कसं? चलान आणि गाडीचं नोंदणीपत्र शेजारी ठेवून एकेक रकाना जुळवा. फोटो असेल तर नंबरप्लेट मोठी करून बघा. हरकतीची मुदत आणि पद्धत बहुधा चलानावरच छापलेली असते. तो बारीक मजकूर सहसा कुणी वाचत नाही. हरकतीसोबत नोंदणीपत्राची प्रत जोडा आणि पोच घ्या.