वर्दीतले दिवस आणि 160 एकर: अमेरिकी सैनिक-शेतकऱ्यांची पार्श्वभूमी

7 एप्रिल 1871 रोजी नेब्रास्कातल्या गिबन या रेल्वे सायडिंगवर यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांची कुटुंबं उतरली. ओमाहापासून ही जागा पश्चिमेला सुमारे 180 मैलांवर. तिथे गाव वसलेलंच नव्हतं, म्हणून युनियन पॅसिफिक रेल्वेच्या मालडब्यांतच बिऱ्हाडं मांडावी लागली. ओहायोच्या कर्नल जॉन थॉर्प यांनी ही वसाहत जमवली होती आणि दारूबंदी हा तिचा नियम होता. कोणाला कुठला तुकडा, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं.

नेमकी ही जागा का, याचं उत्तर कायद्यात सापडतं. 20 मे 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर, म्हणजे 6,400 गुंठे सरकारी जमीन मिळत असे. अर्जापासून मालकीच्या कागदापर्यंतची फी सगळी मिळून 18 डॉलरच्या आसपास. त्याबदल्यात पाच वर्षं तिथे राहायचं, कसायचं आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करायचे. रेल्वेलगत मात्र ही सवलत निम्मी होई. तिथे चौरस मैलाचे तुकडे बुद्धिबळाच्या पटासारखे वाटलेले होते: विषम क्रमांकाचे रेल्वेचे, सम क्रमांकाचे सरकारचे. या सम तुकड्यांचा दर दुप्पट, एकरी अडीच डॉलर. त्यामुळे फुकट घेणाऱ्याला 80 एकरच. जुलै 1870 मध्ये सैनिकांना इथेही पुरे 160 एकर मिळू लागले. स्टेशन जवळ आणि जमीन पूर्ण, असा योग त्याआधी नव्हता.

1872 च्या कायद्याने पुढची सवलत दिली. किमान 90 दिवस नोकरी केलेल्या सैनिकाचा सेवाकाळ पाच वर्षांतून वजा होऊ लागला. तीन वर्षं लढलेल्याला दोनच वर्षांचा रहिवास पुरे. जखमी होऊन सुटलेल्याची भरतीची पूर्ण मुदत धरली जाई. कितीही वजावट झाली तरी एक वर्षाचा रहिवास मात्र सुटत नसे. याच कायद्यातल्या एका कलमाने, आधी 160 एकरांपेक्षा कमी जमीन घेतलेल्या सैनिकांना उरलेली जमीन रहिवासाविना मिळू लागली. ते हक्क दलालांनी विकत घेतले आणि त्यांचा बाजार झाला.

आमच्या मते सैनिकांच्या सवलतीचं खरं मोल कागदापुरतंच होतं. वर्दीतले दिवस रहिवासातून वजा झाले, पण माळ फोडायला लागणारा वेळ कोण वजा करणार? या माळावरच्या गवताची मुळं आपल्या हरळीहूनही दाट. रुंद फाळाचा नांगर मे ते जूनच्या मध्यापर्यंत, गवत जोमात असताना, दोन-तीन इंचच खोल घालायचा. उलटलेली पट्टी शरद ऋतूपर्यंत कुजली, की थोडी आणखी खोल नांगरट करायची. आधीच नांगरलं तर गवत पुन्हा फुटे; उशीर झाला तर पट्टी न कुजता वाळून कडक होई. पहिल्या वर्षी याच पट्टीत कुऱ्हाडीने चीर पाडून मक्याचे दाणे टाकत आणि टाचेने दाबत. पीक जेमतेम येई.

लाकूड दुर्मिळ, म्हणून घरही त्याच मातीचं. फूटभर रुंद आणि चार इंच जाडीच्या पट्ट्या मुळांसकट काढून दोन-तीन फुटांचे तुकडे करत. 16 बाय 20 फुटांच्या घराला अर्धा ते एक एकर माळ खरवडावा लागे. माती ओली असतानाच कापायची आणि त्या दिवशी रचता येईल तेवढीच. रात्रभर वाळलेली वीट हातातच फुटते. गवताची बाजू खाली, सांधमोड साधलेली (वरचा सांधा खालच्या सांध्यावर न येता), दर तिसरा थर आडवा. भिंत पुढे बसते, म्हणून खिडकीच्या चौकटीवर फट सोडून ती चिंध्यांनी भरत. ती सोडली नाही, तर काच तडकणार हे नक्की. सगळ्यात कच्चा भाग छप्पर. आढ्यावर वासे, फांद्या आणि वर पुन्हा तीच माती. पावसाने ती जड झाली की आढं वाके, कधी मोडेही. बाहेर पाऊस थांबला तरी आत गळणं चालूच राही.

1874 च्या उन्हाळ्यात टोळधाड आली आणि मका देठापर्यंत फस्त झाला. जमीन सोडून मजुरीला जावं तर रहिवास तुटणार, हा पेच डिसेंबर 1874 च्या कायद्याने सोडवला: जुलै 1875 पर्यंत गैरहजर राहिलं तरी हक्क जाणार नव्हता. त्या हिवाळ्यात लष्कराने शिलकीतले कोट आणि बूट नेब्रास्का-कॅन्ससच्या वसाहतवाल्यांना वाटले.

ही जमीन आधी पॉनी या मूलनिवासी जमातीची होती. प्लॅट नदीच्या उत्तरेचा मुलूख 1857 च्या टेबल क्रीक करारात त्यांच्याकडून गेला. 1864 पासून पॉनी स्काउट, म्हणजे टेहळणी करणारे पॉनी, अमेरिकी लष्कराच्या वर्दीत होते. गिबनला माणसं घेऊन आलेल्या त्याच युनियन पॅसिफिकच्या बांधकामावर त्यांनी पहारा दिला होता. पण होमस्टेडसाठी नागरिक असणं, किंवा नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर करणं आवश्यक होतं, आणि पॉनींना नागरिक मानलं जात नव्हतं. टोळधाडीच्या त्याच वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर, त्यांच्यातले बहुतेक जण लूप नदीकाठची गावं सोडून आजच्या ओक्लाहोमाकडे निघाले.