पिकअप उंच करताना नेमकं काय उंच होतं?

पिकअपला दोन इंचांची सस्पेन्शन लिफ्ट बसवली, म्हणजे स्प्रिंगा बदलून गाडी उंच केली, तरी तिच्या मागच्या ॲक्सलचा (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा) मधला फुगीर गोळा जमिनीपासून पूर्वी जेवढा वर होता तेवढाच राहतो. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही, कारण गाडी तर डोळ्यांदेखत उंच झालेली असते. पण ॲक्सल चाकांना धरून असतो आणि चाकं जमिनीला. स्प्रिंग असते ती ॲक्सलच्या वर. स्प्रिंग उंच केली की तिच्या डोक्यावरचं सगळं, म्हणजे चासी, इंजिन, केबिन, हौदा, वर जातं. खालचं जागचं हलत नाही.

नदीपात्रातल्या गोट्यांना मागचा गोळा घासत असेल, तर तिथे मोठा टायरच कामाला येतो, आणि तोही आपल्याला वाटतं त्याच्या निम्माच. टोयोटा हायलक्सच्या १७ इंची रिमवरचा २६५/६५ मापाचा टायर घ्या. त्याचा व्यास भरतो ७७६ मिलीमीटर. त्याजागी २६५/७० घातला तर व्यास ८०३ होतो. वाढ २७ मिलीमीटरची, पण ॲक्सल चाकाच्या केंद्रात असल्यामुळे त्याच्या वाट्याला तेरा-साडेतेराच येतात. शिवाय स्पीडोमीटर १०० दाखवत असताना मूळ टायरच्या मानाने गाडी साडेतीन टक्के जास्त वेगाने धावते, आणि चढावर इंजिनाची ओढ तेवढीच कमी जाणवते.

मग लिफ्ट कशासाठी? पोटासाठी आणि नाकासाठी. हायलक्सच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३०८५ मिलीमीटर आहे. एवढी लांब गाडी शेताच्या बांधावरून उतरताना पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधलं पोट बांधावर, अशी अवस्था येते. पोटाखाली २५ सेंटीमीटर मोकळी जागा धरली आणि चाकांची गोलाई सोडून दिली, तर गाडी साधारण १८ अंशांचा उंचवटा न घासता ओलांडते. जागा ३० सेंटीमीटर केली की तोच कोन २२ अंशांवर जातो. ५ सेंटीमीटरच्या लिफ्टची खरी कमाई ही. पुढचा बंपर चढाला लागणं, मागचा हुक उतारावर घासणं, हेही कमी होतं. चासी आणि केबिनच्या मध्ये ठोकळे घालून करतात त्या बॉडी लिफ्टने यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही, फक्त मोठ्या टायरला जागा होते.

गॅरेजमध्ये पहिला प्रश्न असतो, “किती इंच?” माझ्या मते तिथेच निवड चुकायला लागते. पहिला प्रश्न असायला हवा, “गाडीत कायम वजन किती असतं?”

पिकअपच्या मागच्या बाजूला स्प्रिंग म्हणून बहुधा पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, असतात, आणि पाट्यांचा स्वभाव समजला की निम्मं काम झालं. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी सव्वापट केली तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. आपल्याकडे भाजीपाल्याच्या आणि कांद्याच्या पिकअपना जास्तीचा पाटा घालतात, तेही खरं तर लिफ्टच असतं, कुणी त्याला तसं म्हणत नाही एवढंच. भरलेल्या गाडीत तो पाटा शहाणा ठरतो. तीच गाडी रिकामी परतताना पाहा: प्रत्येक खड्ड्यावर हौदा उसळतो आणि मागची चाकं क्षणभर रस्ता सोडतात. वळणावर हे घडलं तर शेपूट बाजूला सरकते.

याचं गणित सुंदर आहे. स्प्रिंगवर वजन आल्यावर ती किती दबते, एवढ्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा हेलकावेल ते कळतं. १६ सेंटीमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला सव्वा हेलकावा देते. आपण चालताना शरीर ज्या लयीत खालीवर होतं, त्याहूनही हा संथ. तीच स्प्रिंग इतकी ताठ केली की ४ सेंटीमीटरच दबते, तर हेलकावे सेकंदाला अडीच होतात. ही धावण्याची लय झाली, आणि त्या लयीत कंबर तासाभरातच बोलू लागते. रिकाम्या हौद्याखाली भरल्या गाडीचे पाटे घालणं म्हणजे हे दुसरं टोक विकत घेणं.

म्हणून ऑस्ट्रेलियात, जिथे अशा पिकअपना यूट म्हणतात आणि त्या लिफ्ट करणं नित्याचं आहे, मागच्या स्प्रिंगा वजनाप्रमाणे मिळतात: रिकाम्या गाडीसाठी वेगळ्या, मधूनमधून सामान नेणाऱ्यासाठी वेगळ्या, कायम शेकडो किलो लादलेल्या गाडीसाठी वेगळ्या. उंची सगळ्यांची जवळपास सारखीच, ताठपणा निराळा. पुढच्या बाजूलाही हेच. स्टीलचा जाड बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) लावली असेल तर नाकावर बरेच किलो वाढलेले असतात, आणि साध्या गाडीची कॉइल, म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग, तिथे लवकर बसते. तेव्हा भरलेल्या टाकीने, नेहमीच्या सामानासकट गाडी वजनकाट्यावर घ्यावी, आणि पुढचा व मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून मागावा. त्या दोन आकड्यांवर जी स्प्रिंग ठरते, ती अंदाजाने ठरत नाही.

मागची उंची वाढवण्याचे स्वस्त मार्गही आहेत. पाटा आणि ॲक्सल यांच्या मध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळतात. थोड्या उंचीला चालतं, पण ठोकळा जितका उंच तितका ॲक्सलला पाट्यांना पिळायला मोठा तरफेचा हात मिळतो, आणि जोरात क्लच सोडला की ॲक्सल स्वतःभोवती वळू पाहतो. पुढच्या ॲक्सलला ठोकळा कधीच घालू नये. ब्रेकचा मोठा भार तिथेच येतो. दुसरा मार्ग लांब शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचा. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतो, त्यामुळे तो दोन इंच वाढवला तर गाडी एकच इंच उचलली जाते.

पुढची बाजू अधिक नाजूक. हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारख्या पिकअपमध्ये पुढची चाकं स्वतंत्र असतात, वरखाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल. फोर बाय फोरमध्ये इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे तिरपे असतानाही फिरणारे सांधे, असतात. डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, चासीला बांधलेला, म्हणून लिफ्टबरोबर तो वर जातो. चाक खालीच राहतं. शाफ्ट ४० सेंटीमीटर लांब धरला, तर ५ सेंटीमीटरच्या लिफ्टने तो जादा ७ अंश तिरपा होतो. सीव्ही जॉइंटमधल्या गोळ्यांना हा तिरकसपणा प्रत्येक फेऱ्याला सोसावा लागतो. घर्षण वाढतं, उष्णता वाढते, रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात, ग्रीस बाहेर आणि धूळ आत. म्हणूनच स्वतंत्र सस्पेन्शनच्या पिकअपला ४० ते ५० मिलीमीटर ही समंजस मर्यादा मानली जाते. त्यापुढे डिफरन्शियलच खाली घेणारे ब्रॅकेट, नवे वरचे आर्म, असा सगळा सांगाडा बदलावा लागतो.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. चाकाला वरखाली फिरायला मिळणारं एकूण अंतर लिफ्टने वाढत नाही. समजा ते २० सेंटीमीटर आहे, १० वर आणि १० खाली. नुसता स्पेसर, म्हणजे स्प्रिंगपाशी जाड चकती, टाकून गाडी ५ ने उचलली, तर वर १५ आणि खाली ५ उरतात. आता खड्डा आला की चाकाला खाली पोचायला जागाच नाही. शॉकॲब्सॉर्बर शेवटच्या टोकाला जाऊन ठोका देतो. उंचीच्या मापाचे शॉकॲब्सॉर्बर घेतले तर हे बरंच सुधारतं. म्हणून स्प्रिंग आणि शॉक एकत्रच घ्यावेत. पैसे कमी असतील तर थोडं थांबावं, पण अर्धं काम करू नये.

स्थैर्याचा हिशेब सोपा आहे. दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेची वाहन-सुरक्षा यंत्रणा गाडी उलटण्याचा धोका मोजताना हेच गुणोत्तर वापरते. अंतर दीड मीटर, गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटरवर धरला, तर उत्तर १.०७. ॲक्सल आणि चाकं जागीच राहत असल्यामुळे ५ सेंटीमीटरच्या लिफ्टने गुरुत्वमध्य ४ सेंटीमीटरच चढतो असं मानू; उत्तर १.०१ येतं. फरक लहान दिसतो, पण टपावर तंबू आणि पाण्याचे कॅन चढवले की तो आणखी खाली सरकतो, आणि कच्च्या साइडपट्टीत चाक रुतलं की गाडी उलटायला तेवढं पुरतं.

काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह ॲक्सल आणि चासी यांच्यातलं अंतर मोजतो. गाडी उचलली की त्याला हौदा रिकामा वाटतो आणि तो मागचा ब्रेक हलका करतो. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

कायद्याचंही पाहायला हवं. आपल्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांकडून लेखी उत्तर घ्यावं.

लिफ्टनंतर अलाइनमेंट सगळे करतात, हेडलाइट मात्र विसरतात. फक्त पुढची बाजू ५ सेंटीमीटर उचलली, तर चाकांमध्ये तीन मीटर अंतर असलेल्या गाडीला जवळजवळ एक अंशाचा चढ मिळतो, आणि २५ मीटर पुढे प्रकाशाचा झोत ४० सेंटीमीटर वर सरकतो. घाटात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो थेट जातो. त्यामुळे काम पुरं झालं की नेहमीचं सामान हौद्यात ठेवावं, संध्याकाळी सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करावी आणि दोन्ही दिवे खाली आणावेत. स्प्रिंगा काहीशे किलोमीटरनंतर थोड्या बसतात. तेव्हा पुन्हा एकदा.