दादर एक की दोन? वेब सर्व्हिसेस आणि सिमँटिक वेबची पार्श्वभूमी

रेल्वेच्या लेखी दादर नावाची दोन स्टेशनं आहेत. मध्य रेल्वेच्या दादरचा कोड डीआर, पश्चिम रेल्वेच्या दादरचा डीडीआर. मुंबईकराला त्याचं काही पडलेलं नसतं. मधला पूल ओलांडला की झालं. उलट व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी ही नावं तीन असली तरी स्टेशन एकच, हेही त्याला कुणी सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र या दोन्ही गोष्टी मुद्दाम सांगाव्या लागतात. गेल्या तीसेक वर्षांत यावर दोन बाजूंनी काम झालं. वेब सर्व्हिसेसनी एका यंत्राचं मागणं दुसऱ्यापर्यंत पोचवायची सोय केली. त्या मागण्यातल्या शब्दांचा अर्थही यंत्राला कळावा, असा घाट सिमँटिक वेबने घातला. पहिलं काम फत्ते झालं. दुसऱ्याबद्दल अजून वाद घालता येतो.

यंत्रांनी एकमेकांशी बोलावं ही हौस वेबच्या आधीची. दूरच्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच मशीनवर असल्यासारखं बोलवायचं, या 'रिमोट प्रोसीजर कॉल'वरचा बिरेल आणि नेल्सन यांचा गाजलेला पेपर १९८४ चा आहे. पुढे १९९१ मध्ये वेगवेगळ्या मशीनवरच्या प्रोग्रॅमना बोलतं करणारं कोर्बा हे प्रमाण आलं, मग त्याच कामासाठी मायक्रोसॉफ्टचं डीकॉम. या दोघांची आपसात पत्रिका कधी जुळली नाही. त्यातून त्यांना लागणारी पोर्ट्स, म्हणजे संदेशांच्या ये-जासाठीची नंबर दिलेली दारं, कंपन्यांच्या फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या पहाऱ्यावर, बंद असायची. वेबपानांसाठीचं ८० नंबरचं पोर्ट तेवढं उघडं. मग संदेश तिथूनच का नेऊ नयेत? वेब सर्व्हिसेसचा जन्म बराचसा या खटपटीतून झाला. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल, म्हणजे माहितीच्या प्रत्येक भागाला नावाची खूण लावून लिहायची पद्धत, प्रमाणित झालं, त्याच वर्षी सॉफ्टवेअर बनवणारे डेव्ह वायनर यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या मंडळींबरोबर एक्सएमएलमधून रिमोट प्रोसीजर कॉल करणारं एक्सएमएल-आरपीसी आणलं आणि त्याच घरातून सोप हा संदेशांचा ठरीव साचा निघाला. आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे तिकडे हे चाललं होतं तेव्हा मुंबईच्या घरांत मोडेमची किरकिर नवी होती.

सोपबरोबर बाकीचा लवाजमाही आला. सर्व्हिस काय देते आणि काय मागते याचं वर्णन करणारं डब्ल्यूएसडीएल आणि सर्व्हिसेस शोधायची यूडीडीआय नावाची नोंदवही. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी २००० मध्ये ही नोंदवही मांडली, ती थेट यलो पेजेसच्या धर्तीवर. प्रोग्रॅम आपापलं वही उघडतील, अनोळखी सर्व्हिस शोधतील आणि व्यवहार करतील अशी कल्पना. पण ज्याची ओळखपाळख नाही त्याच्याशी धंदा कोण करतो? सार्वजनिक यूडीडीआय नोंदवह्या जानेवारी २००६ मध्ये बंद झाल्या. त्याचं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं.

दरम्यान रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या प्रबंधात रेस्ट मांडलं होतं: वेब जसं आहे तसंच वापरा, प्रत्येक गोष्टीला पत्ता द्या, वर आणखी थर चढवू नका. डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेसन या माहिती लिहायच्या सुटसुटीत पद्धतीची त्याला साथ मिळाली आणि नव्या कामांत सोप मागे पडत गेलं.

म्हणून एक्सएमएल मेलं असं मात्र कुणी समजू नये. यूपीआय पाहा. ते चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने ११ एप्रिल २०१६ ला मुंबईतच २१ बँकांसह त्याची चाचणी सुरू केली. आपण पिन टाकला की मागे 'रेक-पे' नावाचा एक्सएमएल संदेश निघतो. त्यात पैसे देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, हे ठरलेल्या रकान्यांत असतं आणि त्यावर डिजिटल सही असते. समोरून लगेच फक्त पोच मिळते, खरा निकाल वेगळ्या संदेशाने मागाहून येतो. पैसे 'प्रोसेसिंग'मध्ये अडकल्यासारखे दिसतात ते या मधल्या वेळात. या संदेशातल्या कुठल्याही रकान्याचा अर्थ काय, यावर बँकांमध्ये वाद नाही, कारण अर्थ एनपीसीआयने ठरवून दिला आहे आणि ज्याला या जाळ्यात यायचंय त्याने तो पाळायचा आहे. माझ्या मते सिमँटिक वेबचं घोडं नेमकं इथेच अडलं. ठरवून देणारं कुणी नव्हतं.

स्वप्न मात्र मोठं होतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी वेबला अर्थाची जोड हवी हे १९९४ च्या जिनिव्हा परिषदेतच सांगितलं होतं. मे २००१ मध्ये हेंडलर आणि लासिला या संशोधकांसोबत 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी चित्रच रंगवलं: भाऊबहिणीचे सॉफ्टवेअर एजंट परस्पर बोलून आईच्या उपचारांच्या वेळा ठरवताहेत. त्यासाठी लागणारा पाया, आरडीएफ, १९९९ मध्येच तयार होता. त्यात प्रत्येक माहिती कर्ता, संबंध आणि कर्म अशा तीन तुकड्यांत मांडायची: 'सीएसएमटी', 'या शहरात आहे', 'मुंबई'. प्रत्येक तुकड्याला जगात एकमेव असा पत्ता द्यायचा, म्हणजे नाव बदललं तरी गोंधळ नाही. २००४ मध्ये संकल्पनांची नाती मांडणारी आउल ही भाषा आली, २००८ मध्ये प्रश्न विचारायला स्पार्कल. पण वेबपानं लिहिणाऱ्या सामान्य माणसाने हा व्याप का करावा, याचं पटणारं उत्तर कुणापाशी नव्हतं.

जिथे कुणीतरी चिकाटीने बसलं, तिथे काम झालं. पवईत आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी हिंदी आणि मराठी वर्डनेट, म्हणजे शब्दांना अर्थानुसार जोडणारे कोश, उभारले. पुढे इंडोवर्डनेटमध्ये वेगवेगळ्या भारतीय भाषांतल्या एकाच अर्थाच्या शब्दांना एकच क्रमांक मिळाला. २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा हा विकिपीडियाच्या कुटुंबातला माहितीसाठा हेच तत्त्व जगभरच्या गोष्टींना लावतो. तिथे मुंबईचा क्रमांक क्यू-११५६. तुम्ही बॉम्बे म्हणा की बंबई, क्रमांक तोच.

वेबपानांच्या लेखकांना कामाला लावलं ते शेवटी सर्च इंजिनांनी. जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही शब्दसूची काढली आणि ती वापरली तर शोधात पान अधिक ठसठशीत दिसण्याची लालूच दाखवली. एखाद्या मोठ्या मराठी वृत्तपत्राच्या साइटवरची बातमी उघडून 'व्ह्यू पेज सोर्स' करा आणि त्यात 'स्कीमा' शोधा. बहुधा जेसनचा एक छोटा तुकडा सापडेल: प्रकार 'न्यूज आर्टिकल', मग मथळा, प्रकाशनाची तारीख, लेखकाचं नाव. वाचकासाठी तो तिथे ठेवलेलाच नाही.