हरवलेला ‘हं’

परवा ठाणे स्टेशनबाहेर कुणीतरी हातात पत्रक कोंबलं. ऑनलाइन प्रेझेंटेशनसाठी दोन दिवसांत आत्मविश्वास! खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 आणि देहबोलीचा 55. हे आकडे इतक्या ठिकाणी छापून येतात की वाचून चीड येते. ते अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या 1967 सालच्या प्रयोगांतले आहेत. लोकांना वेगवेगळ्या सुरांत सुटे शब्द ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाराजी? शब्द एक सांगतोय आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, अशा वेळी माणूस कशावर भरवसा ठेवतो, एवढंच त्यातून कळतं. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे हे सूत्र लावू नका, असं मेहराबियन यांनीच पुढे स्पष्ट केलं. तिमाहीतल्या विक्रीचे आकडे देहबोलीने कसे सांगणार?

मला हे लागलं, कारण माझी भाची असल्याच सल्ल्यांपायी स्वतःला दोष देत बसली होती. ती ऐरोलीला राहते, ऑफिस महापेला, पण क्लायंटसमोरची प्रेझेंटेशन्स बहुतेक घरूनच करते. मागच्या महिन्यात तिने किंमत सांगितली आणि समोर शांतता पसरली. तिने घाईघाईने म्हटलं, “थोडं कमी-जास्त करता येईल.” त्याच क्षणी पलीकडून आवाज आला, “चालेल.” दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली आणि सवलत मात्र देऊन झाली. “मामा, माझ्यात कॉन्फिडन्सच नाही,” ती म्हणाली. मी म्हटलं, तुझा कॉन्फिडन्स राहू दे बाजूला, आधी ती शांतता किती लांब होती ते पाहू.

माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? 2009 साली भाषेच्या अभ्यासक तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांमध्ये हो-नाही प्रश्नांची उत्तरं मोजली. सरासरी अंतर निघालं सुमारे 200 मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी बोलणारे सगळ्यांत चटपटीत, डॅनिश सगळ्यांत सावकाश, तरी फरक जेमतेम अर्ध्या सेकंदाचा.

खरी गंमत पुढे आहे. चित्र पाहून त्याचं नाव उच्चारायचं, तर मेंदूला सुमारे 600 मिलीसेकंद लागतात. मग उत्तर 200 मध्ये येतं कसं? ऐकणारा तुमचं वाक्य संपण्याची वाट पाहतच नाही. ते कुठे संपणार याचा अंदाज बांधून त्याने आपलं उत्तर आधीच जुळवायला घेतलेलं असतं. सराईत तबलजी समेवर गायकासोबत पोहोचतो, गायक पोहोचल्यावर निघत नाही. आणि या वेळेला अर्थही असतो. होकार चटकन येतो, नकार रेंगाळत येतो. त्यामुळे उत्तर लांबलं की ‘नाही’ येणार, हे आपल्याला न शिकवता कळतं.

आता यात इंटरनेट आणा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे ऐरोली ते सिंगापूर सरळ रेषेत वीसेक मिलीसेकंद. वेळ मुख्यतः खातं ते बाकीचं काम. आवाज बहुधा 20 मिलीसेकंदांच्या तुकड्यांत चिरला जातो, प्रत्येक तुकडा पाकीटबंद होऊन निघतो. पाकिटं मागेपुढे पोहोचतात, म्हणून पलीकडचं यंत्र ती थोडा वेळ राखून ठेवतं, क्रम लावतं आणि मग वाजवतं. वाट जितकी बेभरवशाची, तितकी ही राखीव थांबण्याची वेळ मोठी. वर ब्लूटूथ हेडफोन असेल तर अनेकदा आणखी शंभराहून अधिक मिलीसेकंद. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब 150 मिलीसेकंदांच्या आत असावा. तो 250 झाला असं धरा. तुमचं वाक्य जायला 250, क्लायंटचा होकार यायला 250. त्याने 200 मध्ये दिलेला होकार तुम्हाला 700 ला ऐकू येतो. त्याच्या लेखी तो लगेच बोलला, तुमच्या लेखी तो कचरला. क्लायंट विचार करून बोलणारा असेल, तर ही शांतता सेकंदापलीकडे जाते.

2014 साली जर्मन संशोधकांनी असा विलंब मुद्दाम घालून पाहिला, तेव्हा लोकांना दोष लाइनमध्ये न दिसता माणसात दिसला. समोरचा कमी लक्ष देणारा वाटला.

दुसरा घाव म्यूटचा. समोर बसलेला माणूस ‘हं’, ‘बरं’, ‘हो ना’ करतो, ती नुसती सभ्यता नव्हे. मानसशास्त्रज्ञ जॅनेट बॅव्हलास यांच्या प्रयोगात (2000) ऐकणाऱ्यांना गुपचूप वेगळंच काम दिलं होतं. त्यांचे हुंकार आटले आणि सांगणाऱ्यांची गोष्ट बिघडली, तीही सर्वांत जास्त शेवटाकडे, जिथे ती रंगायला हवी. वीस जण म्यूटवर म्हणजे वीस हुंकार गायब. अशा वेळी अडखळणं स्वाभाविक आहे.

कॉलला पूर्वेकडे तोंड करून बसा, म्हणजे यश मिळतं, असाही एक सल्ला भाचीला मिळाला होता. सकाळी समोर पूर्वेची खिडकी असेल तर चेहऱ्यावर उजेड पडतो आणि कॅमेऱ्याला तो नीट दिसतो. संध्याकाळी तेच काम पश्चिमेची खिडकी करते. यात दिशेचं पुण्य काही नाही.

शेवटी तिने तीन गोष्टी केल्या. ब्लूटूथ ठेवून दिला आणि वायरचा हेडफोन घेतला. राउटरला लॅपटॉप केबलने जोडला. आणि ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं, तू तेवढी म्यूट होऊ नकोस, जिथे पटेल तिथे ‘हं’ म्हण. किंमत सांगून झाल्यावर मनात तीनपर्यंत मोजायचं, हे मात्र माझं. गेल्या बुधवारी ती दोनवर असतानाच पलीकडून “चालेल” आलं.