पिंच हिटिंग : बेसबॉल सिम्युलेशन खेळांतील सांख्यिकीय वास्तवता

बेसबॉलमध्ये क्रमाने पाळी आलेल्या फलंदाजाला मागे बोलावून त्याच्या जागी राखीव खेळाडूला प्लेटवर (फलंदाजीच्या जागी) पाठवणे म्हणजे पिंच हिटिंग. मागे घेतलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही. बदली फलंदाज एक तर मैदानात त्याची जागा घेतो किंवा स्वतःही लगेच बदलला जातो. झालेल्या हंगामाची आकडेवारी घेऊन तेच संघ पत्ते, फासे, फिरत्या चकत्या किंवा संगणक यांच्या आधारे पुन्हा खेळवणाऱ्या सिम्युलेशन खेळांत या डावपेचाबाबत तीन गोष्टी जुळाव्या लागतात : बदली किती वेळा होते, कोणाऐवजी कोण येतो आणि आलेला फलंदाज काय करतो. तिसरी गोष्ट चुकली की पहिल्या दोन आपोआप चुकतात.

मराठी क्रिकेट समालोचनात ‘पिंच हिटर’ म्हणजे धावगती वाढवण्यासाठी वरच्या क्रमांकावर पाठवलेला तडाखेबंद फलंदाज. १९९० च्या दशकात एकदिवसीय सामन्यांतून तो अर्थ रूढ झाला. बेसबॉलमधील मूळ अर्थाशी त्याचा संबंध फक्त नावापुरता आहे. ‘पिंच’ म्हणजे अडचणीची वेळ, आणि अशा वेळी दुसऱ्याच्या जागी येणारा तो पिंच हिटर. तो तडाखे मारणारा असलाच पाहिजे असे नाही. आयपीएलमध्ये २०२३ पासून असलेला ‘इम्पॅक्ट प्लेयर’ हा नियमाच्या अंगाने मूळ कल्पनेच्या अधिक जवळचा आहे, कारण तिथेही बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही.

उगम : पहिला पिंच हिटर कोण, याविषयी एकमत नाही. जुन्या संदर्भग्रंथांत क्लीव्हलँड स्पायडर्सच्या जॅक डॉइल यांचे नाव येते. त्यांनी ७ जून १८९२ रोजी ब्रुकलिनविरुद्ध बदली म्हणून येऊन हिट (बेसवर पोचवणारा फटका) मिळवली, असे मानले जाते. नंतरच्या संशोधकांनी ही तारीख मागे नेली. फिलाडेल्फियाच्या चार्ली रायली यांची बदली हिट त्याच वर्षीच्या एप्रिलमधील, तर ब्रुकलिनच्या टॉम डॅली यांचा बदली फलंदाज म्हणून पहिला होमरन मे महिन्यातील असल्याचे सांगितले जाते. त्याहीपूर्वी, १८८९ च्या हंगामात, न्यूयॉर्क जायंट्सचे पिचर (चेंडू टाकणारे) मिकी वेल्श बदली म्हणून आले आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाले. वाद बराचसा व्याख्येचा आहे. पूर्वी दुखापत झाली तरच खेळाडू बदलता येई. १८८९ मध्ये आधी नाव दिलेला एक राखीव खेळाडू उतरवण्याची मुभा मिळाली आणि १८९१ च्या सुमारास बदलीवरील बंधन उठले. ‘प्लेटवर आलेला पहिला बदली’ हा निकष लावला तर वेल्श, ‘हिट मिळवलेला पहिला’ हा लावला तर १८९२ मधील कोणीतरी. डावपेच म्हणून केलेली बदली हा अर्थ धरायचा, तर वेल्श यांची नोंद अधिक ग्राह्य वाटते. हा तपशील केवळ कुतूहलाचा नाही. १८८० च्या दशकातील हंगाम पुन्हा खेळवताना पिंच हिटिंगची सोय चालू ठेवली, तर खेळात नसलेलाच डावपेच आकड्यांत शिरतो.

खेळांची यंत्रणा : एथन ॲलन या माजी खेळाडूने तयार केलेला ‘ऑल-स्टार बेसबॉल’ १९४१ मध्ये आला. त्यात प्रत्येक फलंदाजाची चकती असे. चकतीवरील भागांची रुंदी त्याच्या आकडेवारीच्या प्रमाणात कापलेली असून निकाल फिरत्या काट्याने लागे. पिचरचा निकालावर परिणामच नसल्याने डावखुरा बदली फलंदाज आणण्याला तिथे अर्थ उरत नसे. क्लिफर्ड व्हॅन बीक यांच्या ‘नॅशनल पास्टाइम’ या खेळाचे पेटंट १९२५ चे आहे. दोन फाशांवरून ११ ते ६६ असे ३६ निकाल काढण्याची त्याची पद्धत १९५१ मध्ये ‘ॲपबा’ या खेळाने चालवली आणि पिचरला ए, बी, सी, डी अशी प्रत दिली. १९६० च्या दशकाच्या आरंभी हॅल रिचमन यांचा ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ आला. त्यात एका फाशावर १ ते ३ आले तर फलंदाजाच्या पत्त्यावरील आणि ४ ते ६ आले तर पिचरच्या पत्त्यावरील स्तंभ वाचतात. उरलेल्या दोन फाशांची बेरीज (२ ते १२) ओळ ठरवते. प्रत्येक पत्त्यावर ३ गुणिले ३६, म्हणजे १०८ शक्यता असतात.

अर्धे निकाल पिचरच्या पत्त्यावर पडत असल्याने फलंदाजाचा पत्ता त्याच्या खऱ्या आकड्यापेक्षा ताणून छापावा लागतो. ढोबळ सूत्र असे (सरासरी म्हणजे हिट भागिले अ‍ॅट-बॅट, म्हणजे सरासरीसाठी मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) : पत्त्यावरील सरासरी = २ × खरी सरासरी − लीगची सरासरी. लीगची सरासरी ०.२५० असेल, तर ०.३०० च्या फलंदाजाचा पत्ता ०.३५० चा बनतो. पूर्णवेळ खेळाडूला हे सोसते. बदली फलंदाजाच्या बाबतीत मात्र नशीबही दुप्पट ताणले जाते. ०.२६० च्या योग्यतेच्या खेळाडूला ६० अ‍ॅट-बॅट मिळाले, तर केवळ योगायोगाने येणारे प्रमाण विचलन सुमारे ०.०५७ असते. म्हणजे तो हंगामात ०.३२० करील किंवा ०.२०० वर अडकेल, यात नवल नाही. जॉन व्हॅन्डर वॉल यांनी १९९५ मध्ये कोलोरॅडो रॉकीजकडून बदली म्हणून २८ हिट मिळवल्या. हा एका हंगामाचा विक्रम आहे. त्या वर्षी एकूण १०१ अ‍ॅट-बॅटमध्ये त्यांची सरासरी ०.३४७ होती आणि नॅशनल लीगची (अमेरिकेतील दोन प्रमुख लीगपैकी एक) ०.२६३ च्या आसपास. वरील सूत्राने पत्ता ०.४३१ चा होतो. (रॉकीजच्या कूर्स फील्ड या मैदानावरील विरळ हवा हा वेगळा हिशेब.) असा पत्ता हातात आल्यावर कोणताही खेळाडू त्यांना रोज सुरुवातीपासून उतरवील. म्हणून जुन्या हंगामांच्या हौशी लीगमध्ये खऱ्या अ‍ॅट-बॅटएवढी किंवा थोडी अधिक मर्यादा घालतात. मर्यादा एकूण पाळ्यांवरच घातली आणि ‘सुरुवात’ व ‘बदली’ असे खाते वेगळे केले नाही, तर तेच १०१ अ‍ॅट-बॅट निवडक पिचरांविरुद्ध वापरले जातात आणि फसवणूक तशीच राहते.

संगणकीय खेळांत पत्त्याच्या अर्ध्या-अर्ध्या वाटणीऐवजी बहुधा ‘लॉग-५’ पद्धत किंवा तिचे रूप वापरतात. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी ती १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडली. फलंदाजाची सरासरी ०.३००, पिचरने दिलेली ०.२४० आणि लीगची ०.२६० असेल, तर (०.३०० × ०.२४० ÷ ०.२६०) = ०.२७७ आणि (०.७०० × ०.७६० ÷ ०.७४०) = ०.७१९, पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागले की अपेक्षित सरासरी ०.२७८ येते. यात पिचरचा दर्जा आपोआप धरला जातो, हे पुढील मुद्द्यासाठी महत्त्वाचे आहे.

बदलीचा तोटा : बदली फलंदाज स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा वाईट खेळतो. तो तासन्‌तास बाकावर बसलेला असतो, पिचरचे चेंडू त्याने त्या दिवशी प्लेटवरून पाहिलेले नसतात आणि समोर बहुधा ताजा, वेगवान रिलीफ पिचर (सामन्याच्या मध्येच आणलेला बदली पिचर) असतो. २००६ मध्ये टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन या आकडेवारीच्या अभ्यासकांनी पिचरचा दर्जा व हाताचा फरक वजा करूनही हा तोटा भारित ऑन-बेस सरासरीत, म्हणजे वोबात (फलंदाजाच्या एकूण योगदानाच्या मापात), सुमारे २४ पॉइंट (०.०२४) असल्याचे दाखवले. नियुक्त फलंदाजाच्या (डीएचच्या, म्हणजे पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणाऱ्या खेळाडूच्या) बाबतीत तो साधारण १४ पॉइंट आला. काही जण तोट्याचा बराच भाग रिलीफ पिचरांच्या गुणवत्तेवर टाकतात. परंतु तो भाग आधीच वजा केलेला असल्याने उरलेला आकडा ‘थंड’ उतरण्याचा मानणे अधिक सयुक्तिक आहे.

खेळ रचणारे इथेच चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी चुकतात. समजा, एका राखीव खेळाडूची सुरुवातीपासून खेळतानाची पातळी ०.३३० आहे. त्याच्या ६० टक्के पाळ्या बदली म्हणून आल्या. त्याचा हंगामाचा आकडा ०.३३० − (०.६ × ०.०२४) = ०.३१६ होईल. हाच आकडा घेऊन त्याचा पत्ता बनवला आणि खेळात त्याला फक्त बदली म्हणून वापरले, तर तो खऱ्या ०.३०६ ऐवजी ०.३१६ ने खेळतो, १० पॉइंट जास्त. सुरुवातीपासून खेळवले तर ०.३३० ऐवजी ०.३१६, म्हणजे १४ पॉइंट कमी. तोटा ठाऊक असलेल्या रचनाकाराने ०.३१६ मधून पुन्हा २४ पॉइंट कापले, तर तो ०.२९२ वर येतो; तोटा दोनदा मोजला गेला. उपाय सोपा आहे, पण क्रम पाळावा लागतो. प्रथम हंगामाच्या आकड्यात ‘बदली पाळ्यांचा वाटा × ०.०२४’ मिळवून मूळ पातळी काढायची, मग ती लहान नमुन्यामुळे लीगच्या सरासरीकडे ओढायची आणि शेवटी बदली म्हणून उतरेल त्या पाळीपुरताच तोटा लावायचा. आधी ओढून मग वाटा मिळवला तर पातळी जरा फुगते. बदली म्हणून उतरल्यावर तो मैदानात राहिला, तर पुढच्या पाळीला तोटा लावण्याचे कारण नाही. संघ एकाच डावात पूर्ण फिरला आणि त्याची दुसरी पाळी आली, तर तीही पिंच हिटिंगमध्ये धरत नाहीत.

डावा-उजवा फरक : बदलीचे नेहमीचे कारण हेच. उजव्या पिचरसमोर डावखुरा आणि डावखुऱ्यासमोर उजवा फलंदाज आणतात. मात्र एका हंगामातील विभागणी जशीच्या तशी छापली, तर डावखुऱ्यांविरुद्ध ३० पाळ्या खेळलेला माणूस राक्षस तरी ठरतो किंवा निरुपयोगी तरी. स्वतःची विभागणी आणि लीगची सर्वसाधारण विभागणी यांना समान वजन मिळण्यासाठी डावखुऱ्या फलंदाजाला डावखुऱ्या पिचरांविरुद्ध सुमारे १,०००, तर उजव्याला सुमारे २,२०० पाळ्या लागतात, असे वरील तिघांचेच गणित आहे. व्यवस्थापक अर्ल वीव्हर फलंदाज विरुद्ध पिचर अशा नोंदींच्या चिठ्ठ्या बाळगत. १९८७ च्या ‘अर्ल वीव्हर बेसबॉल’ या संगणकीय खेळाचे व्यवस्थापन त्यांच्याच विचारांवर बेतले होते. कल्पना आकर्षक होती. आठ-दहा पाळ्यांच्या नोंदीला किती वजन द्यायचे, हा प्रश्न तिने सोडवला नाही.

संगणक-व्यवस्थापक : तोटा न धरल्याचा परिणाम वारंवारतेवरही होतो. प्लेटवरचा फलंदाज ०.३१० चा आणि बाकावरचा ०.३२५ चा असेल, तर साधा हिशेब बदली करायला सांगतो. २४ पॉइंट वजा केल्यावर बाकावरचा ०.३०१ राहतो आणि बदली तोट्याची ठरते. म्हणून खऱ्या सामन्यांत पिचरची पाळी हेच बदलीचे मुख्य ठिकाण होते. पिचर फलंदाजीत सहसा कच्चा असल्याने तिथे फरक इतका मोठा की तोटा गिळला जाई. अमेरिकन लीगने १९७३ मध्ये डीएच आणला आणि नॅशनल लीगमध्ये तो २०२२ पासून कायम झाला. पूर्वीच्या नॅशनल लीगवर जुळवलेले गणित २०२२ नंतरच्या हंगामांवर चालवले, तर बदल्यांची संख्या भलतीच फुगते. २०२० पासून रिलीफ पिचरला किमान तीन फलंदाज खेळावे लागतात किंवा अर्धा डाव संपवावा लागतो. त्यामुळे ‘डावखुरा बदली आला, की त्याच्यासाठी डावखुरा पिचर आणि मग त्याच्यावर उजवा बदली’ ही साखळीही आखडली. खेळात ती मोकाट सुटली की सातव्या डावात बाक रिकामा होतो.

नेहमी आढळणारे दोष असे : पाचव्या डावात चांगल्या चालणाऱ्या पिचरला बदलणे, राखीव कॅचरला (प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्याला) बदली म्हणून वापरून पुढे दुखापत झाली की कॅचरच न उरणे, शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षकाच्या) जागी फलंदाज आणताना उरलेल्या डावांतील क्षेत्ररक्षणाचा तोटा न मोजणे. बदलीचा निव्वळ फायदा काढताना फलंदाजीतील वाढीला त्या क्षणाच्या महत्त्वाने गुणून त्यातून क्षेत्ररक्षणाचा तोटा आणि तोच राखीव पुढे अधिक उपयोगी पडण्याची किंमत वजा करावी लागते. शेवटची वजाबाकी बहुतेक खेळांत नसते. १५ ऑक्टोबर १९८८ रोजी वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात कर्क गिब्सन यांना नवव्या डावात दोन गडी बाद असताना उतरवले गेले आणि त्यांनी डेनिस एकर्स्ली यांच्या चेंडूवर विजयी होमरन मारला. तोवर त्यांना राखून ठेवणे हाच त्यातील अर्धा निर्णय होता.

नोंदींचे हिशेब : नाव जाहीर झाले की खेळाडू सामन्यात उतरला असे धरतात, मग प्रतिस्पर्ध्याने पिचर बदलल्यामुळे त्यालाही लगेच मागे घेतले तरी. त्याच्या खात्यात सामना जमा होतो, पाळी नाही. पाळीच्या मध्येच बदली झाली, तर दोन स्ट्राइक असताना गेलेल्या फलंदाजाच्या नावे स्ट्राइकआउट लागतो. बाकी कोणताही निकाल बदलीच्या खात्यात जातो. सुरुवातीच्या यादीतील डीएचला किमान एकदा फलंदाजी करावी लागते, प्रतिस्पर्ध्याने पिचर बदलला तरच त्यातून सूट मिळते. १९८० मध्ये वीव्हर खेळणार नसलेल्या पिचरचे नाव डीएच म्हणून देऊन पहिल्याच पाळीला सोयीचा बदली आणत. त्यानंतर हा नियम आला. १९८० चा हंगाम खेळवताना तो बंद ठेवणे हेच वास्तवाला धरून होईल.

पडताळणी : एका खेळाडूच्या ६० पाळ्यांवरून खेळाची परीक्षा होत नाही, वोबातील प्रमाण त्रुटी तेवढ्यात सुमारे ६५ पॉइंट असते. २४ पॉइंटांचा तोटा खेळात उतरला आहे का, हे पाहायला ती ५ पॉइंटांवर आणावी लागते, आणि त्यासाठी सुमारे १०,००० बदली पाळ्या लागतात. म्हणजे तोच हंगाम अनेकदा चालवून सर्व संघांच्या बदली पाळ्या एकत्र कराव्या लागतात. सोबत त्याच खेळाडूंच्या सुरुवातीपासूनच्या पाळ्याही मोजाव्यात. नाहीतर राखीव खेळाडू मुळातच कमी दर्जाचे असतात आणि तोच फरक बदलीचा तोटा म्हणून वाचला जातो.

अमेरिकेबाहेर जपानमध्ये पिंच हिटिंगला ‘दाइदा’ म्हणतात. तिथल्या सेंट्रल लीगमध्ये पिचर दीर्घकाळ स्वतः फलंदाजी करत आल्याने जुन्या नॅशनल लीगचे गणित तिला अधिक जवळचे आहे. पॅसिफिक लीगने डीएच १९७५ मध्ये स्वीकारला.