महागडा स्कॅनर नसेल तर जुनी कागदपत्रं वाचवता येत नाहीत?

हा समज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि तो चुकीचा आहे. ब्रिटिश लायब्ररीच्या २००४ पासून चालू असलेल्या उपक्रमात धोक्यातले कितीतरी संग्रह डिजिटल कॅमेऱ्यानेच टिपले गेलेत. उलट जुनी बांधीव वही फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर पालथी दाबली की शिवण उसवते. कॅमेरा वरून, दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, एवढं पुरतं.

खरी गोम पुढेच आहे. डिस्कवर नुसत्या पडून असलेल्या फोटोच्या फाइलमधला एखादा बिट (० किंवा १, माहितीचा सगळ्यात छोटा कण) कधीकधी बदलतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून ठेवायचा (सॉफ्टवेअर फुकट मिळतं), अधूनमधून ताडून बघायचा, जुळला नाही तर ती फाइल दुसऱ्या प्रतीवरून घ्यायची. प्रती किमान तीन, त्यातली एक दुसऱ्या गावी.