हरणं संपली नाहीत ओ, नाईट शिफ्टला गेलीत

मागच्या पावसाळ्यात जांबोटीकडं मामाच्या गावाला गेलतो, तिथं चहाच्या टपरीवर एकजण ठासून सांगत होता की आता रानात हरणं कुठली ओ, सगळी संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या भातात बांधाकडनं आत गेलेले दोन-दोन खुरांचे ठसे, ठशातलं पाणी अजून गढूळ, आणि रोपांचे शेंडे साफ. मामा म्हणाला, "सांबर. रात्री येतंय, दिवसा कुणाला दिसतंय?"

मामाचं बरोबर होतं. २०१८ मध्ये ६२ जातींच्या प्राण्यांवरचे ७६ अभ्यास एकत्र करून बघितले, तर माणसाचा त्रास असेल तिथं प्राणी रात्रीकडं सरकतात असं निघालं. दिवस-रात्र निम्मं-निम्मं हिंडणारा प्राणी माणसाजवळ ६८ टक्के हिंडणं रात्री उरकतो. आणि शिकार म्हणजे तर थेट जिवावरचा त्रास.

पण हरीण हे "शिकतं" का? मला खरी मजा इथं वाटते. समजा कळपात दहा हरणं आहेत, चार धीट, सहा भित्री. धीट दिवसाढवळ्या माळावर चरतात, बंदुकीला तीच पहिली सापडतात. पुढच्या वर्षी उरली सहा भित्री. बघणारा म्हणणार कळप हुशार झाला, पण एकही हरीण काही शिकलेलं नाही, आपणच चाळणी लावली! त्यात धीटपणा थोडाफार आईकडनं पिल्लात उतरत असेल तर ही चाळणी पिढ्यान् पिढ्या चालणार.

मग चाळणी आणि शिकणं वेगळं कसं ओळखायचं? तेच जनावर वर्षानुवर्षं बघायचं. कॅनडात एल्कना, म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातल्या मोठ्या हरणांना, जीपीएसचे पट्टे बांधून हेच केलं. गोळीला बळी पडलेले एल्क जास्त भटकणारे, उघड्यावर जाणारे निघाले, म्हणजे चाळणी खरी. पण त्याच त्या माद्या वय वाढेल तसं कमी हिंडायला लागल्या, म्हणजे शिकणंपण खरं, आणि नऊ-दहा वर्षांच्या पुढची मादी तर शिकाऱ्याच्या हाताला जवळजवळ लागतच नाही. जनुकं, अनुभव आणि आईमागनं फिरून लागलेली सवय यातलं कुणाचं किती हे सुटं करणं मात्र भयंकर किचकट, त्यात आत्ता शिरत नाही.

जाता जाता, सांबरशिंग उगाळून लावलं की सूज उतरते म्हणणारे आमच्याकडं अजून आहेत. अहो ते हाड आहे, दरवर्षी गळून पडतं आणि नवीन उगवतं, त्यात काय जादू असणार? आणि घरात ठेवलं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली केस होते ती वेगळीच.

त्याच रात्री मामानं बांधावरनं बॅटरी मारली. हिरवट डोळ्यांची एक जोडी चमकली, हरणाच्या डोळ्यात पडद्यामागं आरशासारखा थर असतो, आत आलेला उजेड तो परत फेकतो म्हणून. मामा नुसता खाकरला, तशी ती जोडी विझली. पाय वाजल्याचंसुद्धा ऐकू आलं नाही.